शोधनिबंध वाचताना आणि त्यावर लिहिताना

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासशिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर. – सं.)



या शिबिरात मी देशाच्या आर्थिक परिस्थितीवर बोलावे, अशी संयोजकांची मूळ सूचना होती. मीच त्यांना विनंती करून विषय बदलून घेतला. आर्थिक परिस्थितीवर बोलणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु ज्या शोधनिबंधांच्या आधारे आपण आणि आपले विरोधक बोलत असतो, ते निबंध कसे वाचावेत आणि त्यांच्याविषयी कसे लिहावे, याची चर्चा आपल्या शिबिरांतून होत नाही. "संशोधनाने सिद्ध झाले आहे" हे वाक्य मात्र आपल्या प्रत्येक पत्रकात असते. ते लिहिणाऱ्याने मूळ संशोधन पाहिलेले असतेच असे नाही. बहुधा त्याने वर्तमानपत्रातील बातमी पाहिलेली असते; बातमी लिहिणाऱ्याने निबंधाचा सारांश पाहिलेला असतो; आणि सारांशात काय घालावे व काय गाळावे हे निबंधकर्त्याने ठरविलेले असते.

मी हे दुसऱ्यांना दोष देण्यासाठी सांगत नाही. हा अपराध माझ्या हातून घडलेला आहे, आणि त्याची किंमत मी दिलेली नाही, दुसऱ्यांनी दिलेली आहे. तेव्हा आरंभ तेथूनच करतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका जिल्ह्यातील शेतमजुरांच्या मजुरीच्या प्रश्नावर मी एक पुस्तिका लिहिली होती. निम्म्याहून अधिक मजूर कुटुंबे सावकाराच्या कर्जात बुडालेली आहेत, असे एक विधान मी तीत ठळक अक्षरांत छापले होते. त्याला आधार होता एका पाहणीचा, आणि ती पाहणी मला ठाऊक होती एका लेखातील उल्लेखावरून. पुढे मजुरीच्या मागणीची सुनावणी झाली. बागाईतदारांच्या बाजूचे वकील उभे राहिले. त्यांच्या हातात ती मूळ पाहणी होती. ती एकाच गावाची होती, आणि तीही दुष्काळी वर्षातली. वकिलांनी मला एकच प्रश्न विचारला, "प्राध्यापकसाहेब, आपण हा अहवाल वाचला आहे काय?" मला "नाही" असे म्हणावे लागले. त्या पुस्तिकेत इतर पुष्कळ माहिती होती, ती आम्ही गावोगाव हिंडून स्वतः जमविलेली होती आणि खरी होती. त्या दिवसानंतर तिच्याकडे कोणी पाहिले नाही. बाहेर आल्यावर खुरपणीला जाणाऱ्या एक वयस्क बाई मला म्हणाल्या, "सर, आमचं तर समदं खरंच व्हतं. मग चुकीचं कशापायी लिवलं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. दुसऱ्या आवृत्तीत मी चूक कबूल केली; पण त्या हंगामाची मजुरी काही त्यामुळे वाढली नाही.

नव्वद टक्क्यांची कहाणी

शोधनिबंध वाचणे म्हणजे काय, हे समजावून देण्यासाठी मी माझ्याच शास्त्रातील एक उदाहरण घेतो. अलीकडच्या काळात इतके शिकविणारे दुसरे प्रकरण मला माहीत नाही.

जानेवारी २०१० मध्ये हार्वर्ड विद्यापीठाचे केनेथ रोगॉफ आणि त्या वेळी मेरिलँड विद्यापीठात असलेल्या कार्मेन राइनहार्ट या दोन नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा 'ग्रोथ इन ए टाइम ऑफ डेट' हा निबंध प्रसिद्ध झाला. पुढे मे महिन्यात तो 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'च्या परिषद-वृत्तांताच्या अंकात आला. त्या अंकातील निबंधांचे नेहमीच्या पद्धतीने तज्ज्ञांकडून परीक्षण होत नसे, ही गोष्ट लक्षात ठेवा. नियतकालिकाचे नाव मात्र तेच राहते. निबंधाचा विषय होता सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांचा संबंध. वीस प्रगत देशांची १९४६ ते २००९ या काळातील आकडेवारी घेऊन लेखकांनी असे मांडले की, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पादनाच्या नव्वद टक्क्यांपलीकडे गेले की, वाढीचा सरासरी वेग कोसळतो. तो शून्याच्याही खाली, उणे ०.१ टक्क्यावर येतो.

काळ कोणता होता तो पाहा. २००८ च्या अरिष्टानंतर बँकांना वाचविण्यासाठी सरकारांनी कर्जे काढली होती, बेकारी वाढली होती, आणि आता खर्च करावा की हात आखडता घ्यावा, हा वाद युरोप-अमेरिकेत पेटला होता. हात आखडता घ्या म्हणणाऱ्यांना हा आकडा म्हणजे मोठाच आधार वाटला. ब्रिटनमध्ये पुढे अर्थमंत्री झालेले जॉर्ज ऑस्बोर्न, युरोपीय आयोगाचे ऑली रेन, अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातील अंदाजपत्रक समितीचे अध्यक्ष पॉल रायन, या सर्वांनी या दोन लेखकांच्या संशोधनाचा किंवा त्यातील नव्वद टक्क्यांच्या मर्यादेचा हवाला दिला. या निबंधामुळेच काटकसरीचे धोरण आले असे मी म्हणणार नाही. धोरण ज्यांना हवे होते त्यांना ते तसेही हवे होते. परंतु रुग्णालये, शाळा आणि निवृत्तिवेतन यांच्यावरील कात्री ही शास्त्राची आज्ञा आहे असे म्हणण्याची सोय या आकड्याने करून दिली, हे निश्चित.

आता पुढील भाग पाहा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील अर्थशास्त्र विभागात टॉमस हर्नडन नावाचा एक विद्यार्थी होता. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्यांनी एखादा प्रसिद्ध निबंध घ्यावा आणि त्यातील हिशेब स्वतः करून तेच उत्तर येते का ते पाहावे, असा स्वाध्याय होता. त्याने हा निबंध घेतला. उत्तर जुळेना. आपलेच काही चुकत असेल असे समजून त्याने पुन्हा पुन्हा हिशेब केला. शेवटी त्याने मूळ लेखकांकडे त्यांचे संगणकावरील कोष्टक मागितले, आणि त्यांनी ते पाठविले. कोष्टक देणे हा त्या लेखकांचा प्रामाणिकपणाच होय. आपला हिशेब मागणाऱ्याला न देणारे संशोधक पुष्कळ असतात.

कोष्टक उघडल्यावर तीन गोष्टी दिसल्या. हर्नडनने आपले शिक्षक मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन यांच्यासह एप्रिल २०१३ मध्ये त्या प्रसिद्ध केल्या.

पहिली गोष्ट साधी होती. सरासरी काढण्याच्या सूत्रात तिसाव्या ओळीपासून एकोणपन्नासाव्या ओळीपर्यंतचे आकडे यावयास हवे होते. सूत्र चव्वेचाळिसाव्या ओळीवर थांबले होते. त्यामुळे ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे पाच देश हिशेबातून गळले. वर्तमानपत्रांनी याच चुकीचा गाजावाजा केला, कारण ती सर्वांना कळण्याजोगी आणि हसण्याजोगी होती. वस्तुतः तिच्यामुळे पडलेला फरक सुमारे ०.३ टक्क्याचाच होता.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काही वर्षांत ऑस्ट्रेलिया, कॅनडा आणि न्यूझीलंड यांचे कर्ज नव्वद टक्क्यांच्या वर होते आणि त्यांची वाढही चांगली होती. ही वर्षे हिशेबात नव्हती. न्यूझीलंडची १९४६ ते १९४९ ही चार वर्षे गळली आणि त्या गटात त्या देशाचे एकच वर्ष उरले: १९५१. त्या वर्षी तेथील उत्पादन ७.६ टक्क्यांनी घटले होते.

तिसरी गोष्ट सरासरीच्या पद्धतीची. ती नीट समजून घ्या, कारण तिचा प्रत्यय तुम्हाला पदोपदी येईल. लेखकांनी प्रत्येक देशाची सरासरी काढली आणि मग त्या सरासऱ्यांची सरासरी काढली. ब्रिटनची या गटात एकोणीस वर्षे होती आणि त्या वर्षांत वाढीचा सरासरी वेग २.४ टक्के होता. न्यूझीलंडचे एक वर्ष, उणे ७.६. हिशेबात दोघांचे वजन सारखेच, म्हणजे सात देशांपैकी एक असे. एका शेतकऱ्याची एकोणीस एकर जमीन चांगली पिकली आणि दुसऱ्याचे एक एकर वाहून गेले, तर गावाचे एकरी पीक काढताना आपण दोघांना समान धरू काय? धरलेच तर तसे स्पष्ट सांगून, आणि का धरले याचे कारण देऊन धरू.

हे तिन्ही दुरुस्त करून दहा देशांची मिळून एकशे दहा वर्षे हिशेबात घेतली, तेव्हा नव्वद टक्क्यांवरील कर्जाच्या काळातील वाढीचा सरासरी वेग निघाला २.२ टक्के. उणे ०.१ च्या जागी अधिक २.२.

येथपर्यंतची कथा आपल्याला आवडणारी आहे. म्हणूनच येथे थांबून उरलेली बाजू सांगणे माझे कर्तव्य आहे. राइनहार्ट आणि रोगॉफ यांनी सूत्रातील चूक तात्काळ मान्य केली. गाळलेल्या वर्षांविषयी त्यांचे म्हणणे असे की, ती आकडेवारी त्या वेळी नव्याने हाती येत होती व तपासून झालेली नव्हती. हेतुतः काही गाळलेले नाही. वजनाच्या पद्धतीचेही त्यांनी समर्थन केले. शिवाय दुरुस्त हिशेबातसुद्धा कर्ज साठ ते नव्वद टक्के असतानाचा वाढीचा वेग ३.२ टक्के आहे आणि नव्वदच्या वर तो २.२ आहे, म्हणजे अधिक कर्जाबरोबर वाढ काहीशी कमीच दिसते. नव्वदच्या उंबरठ्यावर कडा कोसळतो, हे मात्र दिसत नाही. 'कर्ज कितीही काढा, काही बिघडत नाही' असे हर्नडनच्या निबंधाने सिद्ध केले, असे कोणी आपल्या पत्रकात लिहिले तर तो तीच चूक उलट्या दिशेने करील.

आणि सर्वांत मोठा प्रश्न हिशेबाच्या चुकांपलीकडचा आहे. कर्ज वाढले म्हणून वाढ मंदावली, की वाढ मंदावली म्हणून कर्ज वाढले? मंदी आली की कराचे उत्पन्न घटते, खर्च वाढतो, आणि ज्या उत्पादनाशी कर्जाचे प्रमाण काढावयाचे ते उत्पादनच कमी होते. या गटात अमेरिकेची युद्धानंतरची चार वर्षे आहेत, आणि त्यांची सरासरी उणे २ टक्के आहे. त्या वर्षांत कर्ज मोठे होते ते युद्धामुळे, आणि उत्पादन घटले तेही युद्ध संपून युद्धसामग्रीचे कारखाने थंडावल्यामुळे. दोन्हींचे कारण एकच. अरिंद्रजित दुबे या अर्थशास्त्रज्ञाने हीच आकडेवारी घेऊन दाखविले की, कर्जाच्या प्रमाणाचा संबंध पुढील वर्षांच्या वाढीशी जितका दिसतो, त्याहून अधिक तो मागील वर्षांच्या वाढीशी दिसतो. कोंबडा आरवतो आणि सूर्य उगवतो. दोन गोष्टी पाठोपाठ घडल्या म्हणजे पहिली दुसरीचे कारण होत नाही, हे आपल्या खेड्यातील माणसाला सांगावे लागत नाही. आकड्यांच्या वेषात आले की मात्र शिकलेल्यालाही ते सांगावे लागते.

वाचताना विचारावयाचे प्रश्न

तुमच्यापैकी बहुतेकांनी संख्याशास्त्र शिकलेले नाही. त्याची खंत बाळगू नका. निबंधातील सगळी गणिते कळली नाहीत तरी काही प्रश्न कोणालाही विचारता येतात. सारांश वाचून झाला की, निष्कर्षाकडे न जाता प्रथम पद्धतीचा भाग आणि कोष्टके यांच्याकडे जा, आणि हे प्रश्न विचारा.

कोणाला मोजले, किती जणांना मोजले, आणि कोणाला वगळले? माझ्या पुस्तिकेचा घात येथेच झाला. शहरातील रुग्णालयात आलेल्या रोग्यांवरून गावातील निरोग्यांविषयी बोलता येत नाही. एका दुष्काळी गावावरून जिल्ह्याविषयी बोलता येत नाही.

कशाशी तुलना केली? "औषध घेतलेले शंभरात ऐंशी बरे झाले" हे ऐकले की विचारावे, न घेतलेले किती बरे झाले? पडसे तर काहीही न घेता शंभरातील बहुतेकांचे बरे होते.

किती पैकी किती? "धोका दुप्पट झाला" असे मथळे आपण वाचतो. लाखात एकाला होणारा आजार लाखात दोघांना झाला तरी धोका दुप्पटच होतो, आणि शंभरात दहांचे वीस झाले तरी दुप्पटच. पहिल्या बाबतीत घाबरण्याचे कारण नाही, दुसऱ्या बाबतीत मोर्चा काढण्याचे आहे. मूळ प्रमाण दिले नसेल तर मथळ्यावर विश्वास ठेवू नये.

कारण कोणते आणि परिणाम कोणता? याविषयी आताच बोललो.

आणि पैसे कोणी दिले? हा प्रश्न आपण समाजवादी मंडळी फार उत्साहाने विचारतो, म्हणून त्याविषयी दोन शब्द अधिक बोलतो. १९६७ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये हृदयविकार आणि आहार यांच्यावरील एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात स्निग्ध पदार्थांवर बोट ठेवलेले होते आणि साखरेविरुद्धचा पुरावा दुय्यम ठरविलेला होता. २०१६ मध्ये जुन्या पत्रव्यवहाराच्या आधारे उघड झाले की, या आढाव्यासाठी अमेरिकेतील साखर उद्योगाच्या 'शुगर रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने हार्वर्डच्या शास्त्रज्ञांना ६,५०० डॉलर दिले होते, आणि निबंधात त्याचा उल्लेख नव्हता. असा उल्लेख करण्याचा नियम त्या काळी त्या नियतकालिकाचा नव्हता. तो १९८४ पासून आला. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात राहणाऱ्या आपल्याला ही गोष्ट विशेष विचार करावयास लावणारी आहे.

पण येथे एक सावधगिरी हवी. पैसे कोणी दिले हे कळल्यावर तपासणीला आरंभ होतो, शेवट होत नाही. "हे भांडवलदारांच्या पैशाने झालेले संशोधन आहे" असे म्हणून निबंध मिटून ठेवणे सोपे असते. कारखानदाराच्या पैशाने झालेला हिशेब बरोबर असू शकतो, आणि कामगार संघटनेच्या पैशाने झालेला चुकू शकतो. राइनहार्ट-रोगॉफ यांना हर्नडनने खोडून काढले ते त्यांचे विद्यापीठ धनिकांचे आहे असे म्हणून नव्हे. त्याने त्यांची ओळ न ओळ तपासली.

आपल्याला आवडणारा निबंध

आता या भाषणातील माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. न आवडणारा निबंध आपण डोळ्यांत तेल घालून वाचतो. आवडणारा निबंध आपण वाचतच नाही, उद्धृत करतो.

२०२० मधील करोनाच्या साथीत हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या हिवतापावरील औषधाचा मोठा बोलबाला झाला. अमेरिकेचे अध्यक्ष ट्रम्प त्याची शिफारस करीत होते. आपल्याकडे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने मार्चमध्येच आरोग्यसेवकांना ते प्रतिबंधक म्हणून देण्याची शिफारस केली होती. २२ मे २०२० रोजी 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध आला. सहा खंडांतील ६७१ रुग्णालयांतील सुमारे ९६ हजार रुग्णांची माहिती घेऊन त्यात म्हटले होते की, हे औषध दिलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने या औषधाची आपली चाचणी तात्पुरती थांबविली. ट्रम्प यांचे राजकारण ज्यांना मान्य नव्हते त्यांना आनंद झाला. मलाही झाला, हे मी कबूल करतो. दोन मित्रांना मी तो निबंध पाठविलादेखील. वाचला होता तो फक्त सारांश.

ज्यांनी कोष्टके वाचली त्यांना वेगळेच दिसले. ऑस्ट्रेलियातील पाच रुग्णालयांत २१ एप्रिलपर्यंत ७३ मृत्यू झाल्याचे निबंधात होते, आणि त्या तारखेपर्यंत संपूर्ण ऑस्ट्रेलियातील नोंदलेले मृत्यू होते ६७. शंभराहून अधिक शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून मूळ माहिती मागितली. ती 'सर्जिस्फिअर' नावाच्या एका छोट्या कंपनीकडे होती, आणि कंपनीने ती तपासणीसाठी दिली नाही. चार लेखकांपैकी तिघांनी ४ जून रोजी, म्हणजे पुरते दोन आठवडेही झाले नव्हते तोच, निबंध मागे घेतला.

याच महिन्यात ब्रिटनमधील 'रिकव्हरी' या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर झाले. तेथे कोणाला औषध द्यावयाचे व कोणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे ठरविलेले होते, त्यामुळे दोन्ही गट तुल्य होते. औषध दिलेल्या १,५६१ रुग्णांपैकी २७ टक्के आणि न दिलेल्या ३,१५५ पैकी २५ टक्के अठ्ठावीस दिवसांत दगावले. औषधाचा उपयोग नव्हता, हे येथे नीट दिसून आले.

म्हणजे औषध निरुपयोगी आहे असे मानणारे आम्ही शेवटी बरोबर ठरलो ना? नाही, साथींनो. 'लॅन्सेट'च्या त्या निबंधावर विसंबून आम्ही जे मानले ते आधारावाचून मानले होते. उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर ठरत नाही, हे मी चाळीस वर्षे विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांवर लाल शाईने लिहीत आलो. खोटा पुरावा उघडा पडला तेव्हा औषधाची भलावण करणाऱ्यांना असे म्हणावयास सापडले की, पाहा, आमच्याविरुद्ध कट आहे. माझ्या पुस्तिकेचे जे झाले तेच येथे जागतिक प्रमाणावर झाले.

लिहिताना

आता लिहिण्याविषयी. वाचनाची शिस्त लेखनात उतरली नाही तर ती व्यर्थ आहे.

जो निबंध आपण सबंध पाहिलेला नाही त्याविषयी लिहू नये. पाहणे शक्यच नसेल तर "अमुक वृत्तपत्राच्या बातमीनुसार" असे लिहावे. त्यात कमीपणा नाही. "सिद्ध झाले" हे क्रियापद जपून वापरावे. बहुतेक ठिकाणी "आढळले" हेच खरे असते. कोठे, केव्हा आणि किती जणांत आढळले, हे त्याच वाक्यात सांगावे. पुढच्या परिच्छेदात सांगू म्हटले की ते राहून जाते. निबंधकर्त्याने स्वतःच आपल्या अभ्यासाच्या मर्यादा सांगितलेल्या असतात, त्या वाचकापासून लपवू नयेत. विरोधी मताचे उत्तर असेल तर ते त्याच्या बळकट रूपात मांडावे. आपली चूक झालीच तर जेथे मूळ विधान छापले तेथेच, तितक्याच ठळकपणे दुरुस्ती छापावी.

एक निबंध म्हणजे शास्त्राचा निकाल नव्हे, हेही वाचकाला सांगितले पाहिजे. त्याचबरोबर दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. "आकडे काय, कसेही फिरविता येतात" असे म्हणणारा कार्यकर्ता मला भोळ्या कार्यकर्त्याहून अधिक धोक्याचा वाटतो. सर्वच आकडे खोटे मानले तर ज्याच्या हाती सत्ता आहे त्याचाच शब्द खरा ठरतो. हर्नडनने आकड्यांचा नाद सोडला नाही. त्याने तेच आकडे घेऊन अधिक चांगला हिशेब केला.

असे काम महाराष्ट्रातही झालेले आहे, आणि त्याचा संबंध पोटाशी होता. शेतमजुरांच्या किमान वेतनासाठी वि. स. पागे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या हिशेबातून दिवसाला चार रुपये एवढी मजुरी निघाली होती. अभय बंग यांनी तो अहवाल बाजूस सारला नाही. त्यांनी तो वाचला. कष्ट करणाऱ्या शरीराला किती उष्मांक लागतात येथपासून त्यांनी हिशेब पुन्हा मांडला, समितीच्या मांडणीतील चुका एकेक करून दाखविल्या, आणि त्याच रीतीने मोजल्यास मजुरी बारा रुपयांच्या घरात जाते असे प्रतिपादन केले. ही मांडणी चळवळीच्या हाती आली आणि सरकारला वेतन वाढवावे लागले. पागे हे रोजगार हमी योजनेचे जनक. त्यांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नव्हते आणि ती घेतल्याने मजुरीत एका पैशाची भर पडली नसती. मजुरी वाढली ती हिशेब तपासल्यामुळे. मी ज्या सुनावणीत गप्प झालो तेथे असा हिशेब माझ्या हातात असावयास हवा होता.

शेवटी एक सूचना करतो. प्रत्येक तालुक्याच्या शाखेने महिन्यातून एक संध्याकाळ एका शोधनिबंधासाठी अथवा सरकारी अहवालासाठी द्यावी. आज पुष्कळ निबंध आणि अहवाल फुकट मिळतात; मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयात खेपा घालाव्या लागत नाहीत. इंग्रजीची अडचण असेल तर गावातील शिक्षकाला, डॉक्टरला, महाविद्यालयातील मुलामुलींना बोलवावे. एकाने निबंधाची बाजू मांडावी, दुसऱ्याने त्यातील उणिवा काढाव्यात. आणि एका महिन्यात विरोधकांच्या सोयीचा निबंध घेतला, तर पुढच्या महिन्यात आपल्या सोयीचा घ्यावा. दुसऱ्या बैठकीत वादावादी अधिक होईल, रागही येतील. ती बैठक चुकवू नये.

खुरपणीच्या त्या बाईंनी विचारलेला प्रश्न पुन्हा कोणी तुम्हाला विचारू नये, एवढ्यासाठी हे सारे सांगितले.